आईचं मनगट

छोटीने वही टेबलावर आपटली तेव्हा चहाचे पाच कप एकदम उडाले आणि त्यातले चारच बशीत परत बसले. पाचवा दादाच्या मांडीवर गेला. दादा रुमाल काढून पुसायला लागला.

"हे बघ वहिनी. पान एकेचाळीस, आई. उजवं मनगट, सर्व नियमित. डावं मनगट, सर्व नियमित. बाबांच्या अक्षरात आहे, तारखेसकट. आणखी काय हवंय तुला?"

"मला मनगट हवंय," वहिनी म्हणाली. "वही नको."

 या घरात वहीबद्दल असं आजवर कोणी बोललं नव्हतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी, ज्यांना सगळं कॉलेज हाडसर म्हणायचं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सुनेकडे असं बघितलं, जणू तिने चहात मीठ घातलंय.

भांडण तसं साधं होतं. आई घड्याळं दुरुस्त करायची. गेली तीस वर्षं, त्याच खिडकीखालच्या टेबलावर, डोळ्याला भिंग लावून. आठ महिन्यांपासून तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची बोटं झोपल्यासारखी झाली होती आणि हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. स्क्रू हातातून पडायचे, तर म्हणायची, "ही फरशी स्क्रू गिळते." दादाने बिचाऱ्याने एका रविवारी अर्धी फरशी उचकटून बघितली. शेवटी पंधरा दिवसांपूर्वी ती तापलेल्या किटलीला बोटं टेकवून उभी होती आणि वहिनीला विचारत होती, "कसला गं वास येतोय?" तेव्हा सगळं उघडं पडलं.

नसेची विजेची तपासणी झाली. मनगटात नस दबली होती, आणि आता वेळ घालवला तर बोटं कायमची जातील असं निघालं. ऑपरेशन उद्या सकाळी आठला. आणि करणार होती छोटी, कारण आईची तशी अटच होती. आपल्याच आईवर शस्त्रक्रिया करू नये, असं हॉस्पिटलातल्या मोठ्या सर्जनने आईला खूप समजावलं. आई म्हणाली, "तिला जन्म देताना मी परकं कोणी बोलावलं नव्हतं." मोठा सर्जन नंतर दोन दिवस कोणाशी नीट बोलला नाही म्हणे.

"दहा मिनिटांचं काम आहे," छोटी म्हणाली. "मनगटाशी पेराएवढी चीर. तिथून बारीक कॅमेरा आत, पातं आत, नसेवरचा घट्ट पट्टा कापायचा, बाहेर. एक टाका. संध्याकाळी आई घरी."

"आणि आत पट्ट्याखाली काय आहे, ते आधी न बघता?"

"आत जे असतं तेच आहे! वही काय सांगते?"

वहिनी सोनोग्राफी करायची. दिवसाला चाळीस माणसांच्या आत डोकवायची, आणि पुस्तकात काढलंय तसा माणूस तिला आठवड्यातून एखादाच भेटायचा. तिने खांद्याला लावायच्या पिशवीतून क्लिनिकमधलं छोटं मशीन मागून आणलं होतं. ती पिशवी गेला तासभर सोफ्यावर पाहुण्यासारखी बसली होती आणि तिला कोणी 'या' म्हणत नव्हतं.

वहिनीला वहीची ओळख लग्नाच्या आधीच झाली होती. पहिल्यांदा ती या घरी आई-वडिलांबरोबर आली, तेव्हा चहाच्या आधी हाडसरांनी तिला अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवायला सांगितलं. बहुतेकांच्या मनगटात असं केलं की मधोमध एक दोरी उभी राहते. काहींना ती दोरी नसतेच, आणि नसली तरी त्यांचं काही अडत नाही. तिला नव्हती. हाडसर खुर्चीतून उठून ओरडले, "नाही! दोन्ही हातांना नाही!" वहिनीचे वडील हे ऐकून चपला घालायला लागले. लग्न मोडलं म्हणून तिच्या आईने डोळ्यांना पदर लावला. त्यांना परत आणायला दादाला फाटकापर्यंत धावावं लागलं, आणि तिथे धापा टाकत त्याने सांगितलं, "तुमची मुलगी बाबांना फार आवडली आहे."

वहीची पहिली चाळीस पानं हाडसरांच्या वडिलांची. ते शिंपी. गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे नाहीत, लिहायचे 'उजवा खांदा बोटभर खाली', 'एक हात लांब'. माणूस दोन्ही बाजूंनी सारखा नसतो हे त्यांना कैचीने शिकवलं. त्यांचा मुलगा कॉलेजात शरीररचना शिकवायला लागला आणि एकेचाळिसाव्या पानापासून त्याने वही पुढे चालवली. अडतीस वर्षं तो मुलांना सांगत राहिला, "पुस्तकातला माणूस कुठेच राहत नाही. पत्ता शोधू नका." कोणाची धमनी भलत्या वाटेने गेलेली, कोणाची मूत्रपिंडं खाली जोडलेली, कोणाच्या नसा वेगळ्या फुटलेल्या, आणि त्यामुळे कुठल्या ऑपरेशनात कोण कसं फसलं, सगळं त्याने गोळा केलं. तेच घरातही. छोटीला मानेशी एक जास्तीची बरगडी निघाली, त्या दिवशी हाडसरांनी गल्लीत पेढे वाटल्यासारखं तोंड करून फेरी मारली होती. दादाचं मात्र सगळंच जागच्या जागी. नखापासून टाळूपर्यंत एकही गंमत नाही. दोनदा तपासून हाडसरांनी लिहिलं 'काही नाही', आणि तेव्हापासून घरात त्याचं नाव 'नॉर्मल' पडलं. आता त्याने चाळिशी ओलांडली होती, लिफ्ट दुरुस्तीचा त्याचा स्वतःचा वर्कशॉप होता, पण नाव काही सुटलं नव्हतं.

"मी एक बोलू का?" दादा म्हणाला.

"नॉर्मल, तू मध्ये पडू नकोस," हाडसर म्हणाले.

"पडत नाही, उभ्या-उभ्याच बोलतो. लिफ्टचा नकाशा ऑफिसात एक असतो आणि शाफ्टमध्ये दुसरंच असतं. मागच्या माणसाने वायर कुठून नेली देव जाणे. म्हणून आम्ही हात घालायच्या आधी टॉर्च मारतो. बायको टॉर्चच घेऊन आली आहे. मारू दे की."

"म्हणजे बाबांनी खोटं लिहिलं?" छोटीचा आवाज चढला.

"मी असं कुठे म्हटलं?"

"तुझी बायको म्हणतेय!"

"अगं, मी फक्त बघू म्हणतेय. पाच मिनिटं. बघितल्याने काही कापलं जात नाही."

छोटी गरकन वळून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. हॉस्पिटलात तिच्या पावलांच्या आवाजाने शिकाऊ डॉक्टर कपाटामागे सरकायचे. आणि गेले तीन दिवस तिला स्वतःच्या कोटाची बटणं नीट लावता येत नव्हती. तिने हिशेब केला होता. दहा मिनिटं ती निभावून नेईल. दहा मिनिटांत तो फक्त एक हात असतो. पण वहिनीला आत काही दिसलं, तर मनगट उघडावं लागणार. तास, सव्वा तास. आणि तासाभरात कधी ना कधी आठवतंच, की हा हात कोणाचा आहे. ताप आला की याच हाताची पाठ कपाळावर टेकायची. म्हणून तिला वही हवी होती. तिने नळ बंद केला, चेहरा पुसला आणि परत आली.

"आईला विचारा," ती म्हणाली. "हात आईचा आहे."

आई आत्तापर्यंत एका गजराच्या घड्याळाचं झाकण डाव्या हाताने पुसत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "यांनी लिहिलंय ना सर्व नियमित? मग असणार. यांचं कधी चुकतं का?"

बोलणं हाडसरांच्या बाजूचं होतं. पण आवाजात काहीतरी होतं, आणि हाडसरांचे कान हळूहळू लाल व्हायला लागले. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात आईने त्यांना इतक्या पटकन बरोबर कधी ठरवलं नव्हतं.

वहिनीने वही जवळ ओढली. आधी एकेचाळीस बघितलं, मग बेचाळीस, मग पुढची.

"बाबा, माझं एक पूर्ण पान आहे. छोटीची तीन. पोस्टमनच्या कानाची आकृती आहे, दोन बाजूंनी. प्रत्येक ठिकाणी माप आहे, कसं तपासलं ते आहे." ती थांबली. "आईंच्या पानावर एकही आकडा नाही."

"नियमित असलं की काय लिहायचं?" हाडसर खाकरले.

"तुमच्या मुलाचंही नियमितच आहे. त्याची मापं मिलिमीटरपर्यंत आहेत."

"मांजरीला दीड पान आहे," आई शांतपणे म्हणाली.

"मांजरीला सहा-सहा बोटं होती!" हाडसर म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं.

"हो ना. तिला सहा होती. माझं काय मेलं. पाचच." आईने घड्याळ खाली ठेवलं. "तुम्ही माझा हात बघितलेलाच नाही. मला माहीत आहे. सेहेचाळीस वर्षं माहीत आहे. दारात दूधवाला आला तरी त्याचं मनगट वाकवून बघता तुम्ही. ही सून आली, तिचं बघून ओरडलात. पहिल्यांदा मला वाटलं, सवडीने बघतील. मग वाटलं, विसरले असतील. मग मीच ठरवलं, की आपल्यात बघण्यासारखं काही नसेल. असतात काही माणसं तशी."

दादाने तिच्याकडे बघितलं. हे वाक्य त्याने स्वतःशी बऱ्याचदा म्हटलं होतं.

छोटी वडिलांसमोर येऊन उभी राहिली. "बाबा. बघितलं नव्हतंत?"

हाडसर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर समोरच्या घराची भिंत होती आणि तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"बघायला म्हणूनच धरला होता," ते शेवटी म्हणाले. "लग्न नोंदवून आलो त्या दुपारी. हिला म्हटलं, हात दे. हिने दिला. आणि मग..." ते थांबले. चार-चारशे मुलांच्या वर्गात ज्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा, तो माणूस शब्द शोधत होता. "मग कशासाठी मागितला होता, तेच विसरलो. बराच वेळ धरून बसलो. नंतर रोज वाटायचं, उद्या बघू. पण हात हातात आला की पुन्हा तेच. आठवडाभराने वहीचं पान कोरं दिसलं. चांगलं दिसेना. लिहून टाकलं."



"कोरं ठेवलं असतंत तर चाललं असतं मला," आई म्हणाली. आवाज मात्र मघासारखा राहिला नव्हता. "तुमच्या वडिलांनी माप न घेता कधी कापड कापलं होतं का? आणि हे आधी सांगायला काय झालं होतं? सेहेचाळीस वर्षं मी स्वतःला मांजरीच्या खाली धरलं."

"मला लाज वाटत होती."

"कशाची?"

"शास्त्राला धरून नव्हतं ते."

दादाला हसू आलं. ते दाबायला तो खोकला, आणि त्या नादात उरलेल्या चारांतला एक कप गेला.

"काढ मशीन," छोटी वहिनीला म्हणाली.

मशीन निघालं. अंगावर टेकवायचा प्रोब निघाला. जेलची बाटली मात्र क्लिनिकमध्येच राहिली होती. कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये हवा राहिली की चित्र उमटत नाही, आणि आईच्या बारीक, हाडकुळ्या मनगटावर प्रोब नीट टेकतच नव्हता. पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग. हाडसर धावत जाऊन दाढीचा फेस घेऊन आले. त्यात मुंग्या वाढल्या. मग त्यांनी जॅमची बाटली आणली, आईने ती नुसत्या नजरेने परत पाठवली. दादा गाडीतून डबा घेऊन आला.

"ग्रीस चालेल? नवीन आहे."

"पाण्यात करता येतं," छोटी म्हणाली. इतक्या हळू, की दोनदा विचारावं लागलं. "हात पाण्यात बुडवायचा. प्रोबचं टोकही पाण्यात, हाताला न लावता. फार छान दिसतं. मी... मी दुसऱ्या पेशंटचं असंच करून घेते नेहमी."

वहिनीने तिच्याकडे बघितलं. बोलण्यासारखं बरंच होतं. ती म्हणाली, "टब कुठे आहे?"

कपडे भिजवायचा निळा टब टेबलावर आला. कोमट पाणी आलं. आईने बाही वर केली आणि हात पाण्यात सोडला. "भांड्यासारखी विसळू नका म्हणजे झालं," ती म्हणाली. पाच डोकी टबावर वाकली आणि एकमेकांवर आपटली. मग चार मागे सरकली.

पडद्यावर चित्र उमटलं. करड्या रंगाचं, स्वच्छ.

"ही नस," वहिनी म्हणाली. "मधाच्या पोळ्याच्या तुकड्यासारखी दिसते बघा. हा वरचा पट्टा. इथे..." तिने प्रोब जरा वर नेला, परत खाली आणला. "इथे नस एक नाहीये. दोन आहेत. आणि दोघींच्या मध्ये हे गोल काय आहे?"

तिने एक बटण दाबलं. गोलात लाल ठिणगी पेटली, विझली, पेटली, विझली. आईच्या काळजाच्या ठोक्याबरोबर.

"वा!" हाडसर ओरडले. मग दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण कोपर टबाला लागायचं ते लागलंच. टब कलला आणि पाण्याची लाट टेबलावरून सरळ उघड्या वहीवर गेली.

"वही!" छोटी आणि दादा एकदम ओरडले. एकेचाळिसाव्या पानावरची शाई निळी होऊन पसरायला लागली.

हाडसरांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "असू दे," ते म्हणाले. ते पडद्याच्या इतके जवळ गेले होते, की त्यांच्या श्वासाने काच धुरकट होत होती. "हात तयार होताना, पोटात असताना, ही धमनी त्याला रक्त पुरवते. काम झालं की विरते. जन्माआधीच. काहींची विरत नाही, राहून जाते."

"म्हणजे आपले मामा," दादा म्हणाला. "आठ दिवसांसाठी आले होते ते."

"सात वर्षं राहिले," वहिनी म्हणाली.

"माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही," आई म्हणाली. "वाईट आहे का हे? हे असणं?"

"नाही गं. काही वाईट नाही," हाडसर म्हणाले. "नुसतं माहीत असावं लागतं."

छोटी पडद्याकडे बघत उभी होती. तिने हवेत बोट धरलं, पातं धरतात तसं, आणि मनगटाच्या चित्रावरून नेलं. उद्या सकाळी आठ वाजून काही मिनिटांनी ते नेमकं कुठून गेलं असतं, हे खोलीतल्या सगळ्यांना दिसलं.

"कॅमेऱ्यात दिसलं असतं तुला," वहिनी म्हणाली.

"कदाचित."

"दिसलं असतं."

"वहिनी, मी आधी बघायलाच हवं होतं." छोटी खाली बसली. "आई, मी नाही करत. दुसरं कोणीतरी करेल. आता उघडून करावं लागेल, मोठी चीर, एकेक गोष्ट बाजूला करत. सव्वा तास. माझा हात थरथरतोय तीन दिवस. हे बघ."

तिने हात पुढे केला.  आईने ओल्या हाताने तो धरला, पण तिच्या बोटांना काही कळलं नसावं, कारण मग तिने डाव्या हातानेही धरून बघितला.

"मी झाकण न उघडता कधी घड्याळ दुरुस्त केलंय का?" आई म्हणाली. "उघडून कर. घाई कोणाला आहे? थरथरला तर थांब. थांबून कर. त्या मोठ्या डॉक्टरला शेजारी उभा कर, तोही बिचारा रुसलाय."

"आणि मी सकाळी सातला येते," वहिनी म्हणाली. "धमनी कुठून जाते ते कातडीवर पेनाने आखून देते. रस्ता आखलेला असला की तुला सोपं पडेल."

छोटीने फोन उचलला. "उद्या आठची माझी केस... नाही, रद्द नाही. वेळ वाढवा. दीड तास धरा. आणि सरांना विचारा, मला मदतीला उभे राहतील का. हो. आईच आहे." एवढं बोलून तिने तो पुढे केला. मग फोन दादाने घेतला आणि उरलेलं, पत्त्यासकट, नीट सांगितलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. पेन कुठलं, शाई पुसली तर, रिकाम्या पोटी किती वाजल्यापासून राहायचं, हाडसरांना आत सोडायचं की नाही. हाडसर म्हणत होते, मी एका कोपऱ्यात उभा राहीन, आणि छोटी म्हणत होती, तुम्ही कोपऱ्यातून 'वा' म्हणाल.

"दुखेल का गं?" आई म्हणाली.

ती कोणाला विचारत होती ते कळलं नाही. हात अजून पाण्यातच होता, आणि पाणी गार झालं होतं. पंधरा दिवसांत तिने हे एकदाही विचारलं नव्हतं.

 दादा टॉवेल घेऊन आला, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि हात पाण्याबाहेर काढला.

"डोळे मीट," तो म्हणाला. "मी एकेक बोट पुसतो. कळलं तर सांग."

तिने डोळे मिटले. तो करंगळीपासून निघाला.

"हे कळतंय," आई म्हणाली.

"हे?"

"हे अर्धं."

"हे?"

आई डोळे मिटून बसून होती. "पुसतोयस का?"

"नाही अजून," दादा पुसता पुसता म्हणाला. आणि मधलं बोट, मग त्याच्या शेजारचं, मग अंगठा, तो बराच वेळ पुसत राहिला.